सुकाणूवरचे साठ दिवस

आमच्या वाडीत कुणाला अर्ज लिहायचा असला की तो माझ्याकडे यायचा. रेशनकार्डात नाव चढवायचं, विजेच्या खांबासाठी ग्रामपंचायतीला विनंती करायची, मुंबईच्या भावाला जरा कडक शब्दांत पत्र पाठवायचं, सगळं मी लिहायचो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, आजूबाजूच्या दहा घरांतही पहिला. बी.एस्सी. झालो, सेकंड क्लास, आणि त्याचा मला अभिमान होता. आजही आहे, लपवायचं काय त्यात. तर अशा मला स्वतःचा एक अर्ज पास करून घ्यायला जवळजवळ वर्ष लागलं. हकिगत एवढीच आहे, पण आठवली की अजून डोकं तापतं.

अर्ज होता तांडेलाच्या दाखल्याचा. तांडेल म्हणजे होडीचा मुख्य, सुकाणू ज्याच्या हातात तो. ऐंशीनंतरची ती वर्षं. तोवर आमच्याकडे ज्याला समुद्र कळतो तो होडी नेतो, एवढाच कायदा होता. मग नियम आला की खाडीबाहेर जाणाऱ्या प्रत्येक होडीत निदान एक दाखलेवाला तांडेल हवा, आणि एकट्याने जायचं तर त्या एकट्याकडेच दाखला हवा. नियम वाईट होता असं मी म्हणणार नाही. आरे-वारेच्या खडकांवर दरवर्षी कुणाची ना कुणाची होडी जायची आणि ती बहुतेक अर्धवट माहितीवर नेलेली असायची.

बाबांकडे जुना दाखला होता, तोंडी चार प्रश्न विचारून अंगठा घेऊन दिलेला. त्याची मुदत मे अखेर संपत होती आणि नवा करायचा तर डोळे तपासून घ्यावे लागणार होते. बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. समोरून येणारी होडी कुणाची हे ते आता माणसांच्या आवाजावरून ओळखायचे. ऑपरेशनचं नाव काढलं की उठून जायचे. म्हणजे नारळी पौर्णिमेनंतर समुद्र उघडेल तेव्हा होडी आमची आणि ती न्यायला माणूस नाही, अशी पाळी येणार होती. होडी लहान, शिडाची, एका माणसाला झेपेल अशी. माझा एक चुलतभाऊ माझ्याहून दोन वर्षांनी लहान, आठवीतून शाळा सोडलेला, पण दाखला असलेला. त्याने बाबांना विचारून ठेवलं होतं की काका, होडी पडून राहणार असली तर मी चालवीन. बाबा त्याला हो म्हणाले होते. किनाऱ्यावर पडलेल्या होडीच्या फळ्या सुकतात, सांधे फाकतात, त्यापेक्षा कुणीतरी चालवलेली बरी, असं त्यांचं सरळ म्हणणं. मला ते मान्य नव्हतं. ती होडी मला हवी होती आणि एकट्याने बाहेर न्यायची होती.

एवढं शिकून होडीच चालवायची तर कॉलेजच्या पायऱ्या कशाला झिजवल्यास, असं मला निदान वीस जणांनी विचारलं असेल. पोफळीला विजेच्या प्रोजेक्टात लाग, बँकेच्या परीक्षा दे, मुंबईला मामाकडे जा. मला समुद्रावर जायचं होतं आणि शिकूनच जायचं होतं, यात न कळण्यासारखं काय होतं ते मला आजतागायत कळलेलं नाही.

दाखल्याआधी दोन महिन्यांचा वर्ग करावा लागे. बंदराजवळच्या एका गोदामवजा खोलीत सकाळी तो भरायचा. शिकवणारे गृहस्थ मोठ्या बोटींवर आयुष्य काढून निवृत्त झालेले, माणूस सज्जन, पण लहान होडीत ते बहुधा कधी बसलेच नव्हते. लाल दिवा डाव्या अंगाला, हिरवा उजव्या अंगाला, धुक्यात भोंगा किती वेळा वाजवायचा, होकायंत्र कसं वाचायचं, सगळं फळ्यावर. मला ते आवडायचं. नकाशावर आमच्या खाडीच्या तोंडाशी पाण्याच्या खोलीचे आकडे छापलेले बघून मला काय आनंद झाला होता. एकदा मी विचारलं, की सर, खाडीच्या तोंडावर जो वाळूचा दांडा आहे तो ओहोटीची सुकती लागल्यावर कसा ओलांडायचा? ते म्हणाले, ओलांडायचाच नाही, खोल पाण्यात नांगर टाकून भरतीची वाट बघायची. मागच्या बाकावरचे म्हातारे खलाशी हसले. आमच्या होडीचा नांगर म्हणजे भोक पाडलेला दगड, आणि दांड्यावर लाट फुटायला लागली की वाट बघायला समुद्र थांबतोय कुठे.

लेखी परीक्षेत मी पहिला आलो. मग कागद गोळा करायला लागलो. डोळ्यांचा झाला, वयाचा झाला. पोहता येत असल्याचा दाखला मागितला. आमच्या वाडीत पोहता येतं असं कुणी लिहून घेतलेलं नसतं. मी बंदराच्या कचेरीतल्या कारकुनाला म्हणालो, चला, जेटीवरून उडी मारून दाखवतो. तो म्हणाला, अशी उडी ग्राह्य धरता येत नाही, सरपंचांचं पत्र आणा. आमचे सरपंच वरच्या अंगाचे, भातशेतीवाले. त्यांनी मला पोहताना कधी बघितलं नव्हतं आणि स्वतः ते गुडघाभर पाण्यापलीकडे जात नसत. त्यांनी पत्र दिलं. मजकूर मीच लिहिला होता.

राहिला शेवटचा कागद. उमेदवाराने निदान साठ दिवस सुकाणू धरलेलं असावं आणि तसं एखाद्या दाखलेवाल्या तांडेलाने साहेबांसमोर येऊन सांगावं. हे तर मला सगळ्यांत सोपं वाटलं होतं. आता इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

बाप होडीत असताना पोरगा सुकाणूवर बसत नाही. दुसऱ्या कुणाला बसवलं तर चालतं, पोटच्या पोराला नाही. बाप जागा असून पोरगा सुकाणूवर दिसला, की किनाऱ्यावरची माणसं समजतात, याचं संपलं. मग पोरगा शिकतो कसा? तर बाप आडवा होतो. परतीच्या वाटेवर उन्हं चढली की बाबा होडीच्या पुढच्या टोकाला पाय पसरायचे आणि तोंडावर पंचा घ्यायचे. बोलायचं नाही. मी उठून मागे जाऊन सुकाणू धरायचं, तेही न बोलता. चुकलो की पंचाखालून खाकरण्याचा आवाज यायचा. एकदा खाकरले की शीड सैल कर. दोनदा खाकरले की नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, वाऱ्याकडे घे. दांड्याजवळ आलो की बराच वेळ काही नाही, आणि मग एकदम खाकरायचे, तेव्हा होडी आत घालायची. वाडी दिसायला लागली की बाबा उठून बसायचे, डोळे चोळल्यासारखं करायचे आणि सुकाणू हातात घ्यायचे. असे तीन हंगाम गेले. साठ काय, दोनशे दिवस सहज भरले असते.

बाबा धुतलेला सदरा घालून माझ्याबरोबर बंदराच्या कचेरीत आले. साहेब घाटावरचे होते, तरुण, कामाला चोख. त्यांनी बाबांना खुर्ची दिली, हे मला आवडलं.

"मुलगा तुमच्याबरोबर किती दिवस समुद्रावर होता?"

"मोप. तीन वरसां झाली."

"त्यात सुकाणूवर किती दिवस?"

"मी हाय ना होडीत. तो कशाला धरील?"

"म्हणजे एकही दिवस नाही?"

"नाय."

मला वाटलं ते विसरले. मग मी तोंड उघडलं आणि आणखी घाण केली. म्हणालो, साहेब, मी धरायचो, बाबा तेव्हा झोपलेले असायचे. साहेबांनी पेन खाली ठेवलं. दाखला कुणाच्या नावाचा आहे, आणि दाखलेवाला तांडेल भर समुद्रात झोपतो का, असं त्यांनी बाबांना विचारलं. बाबांचा चेहरा मला अजून दिसतो.

"सायब, मी समुद्रावर कदी झोपलेला नाय."

आणि हेही खरंच होतं. साहेबांनी आम्हा दोघांकडे बघितलं. म्हणाले, झोपणारा तांडेल असं लिहू की शून्य दिवस असं लिहू? मग स्वतःच ठरवून त्यांनी माझ्या अर्जावर लाल शाईने 'अनुभव अपुरा' असं लिहिलं. बाबांवर त्यांनी मेहेरबानी केली होती हे मला नंतर कळलं.

परतीच्या एसटीत मी बाबांना म्हणालो, साठ म्हणायला काय जात होतं तुमचं? कंडक्टर तिकिटं फाडता फाडता ऐकत होता.

"त्यांनी इचारलं ते सांगितलं."

"मी धरलं नाही का सुकाणू? खरं सांगा."

"मी पडलेला असताना धरलं असशील. माला काय ठाव त्याचं?"

"मग खाकरत कोण होतं?"

बाबा खिडकीकडे तोंड करून म्हणाले, तू शिकलास, काय लिहायचं ते तूच लिही, माला खोटा बोलाया नेऊ नको. मला त्या गाडीतून उतरून चालत जावंसं वाटलं.

साहेबांकडे मी आणखी तीन खेपा घातल्या. शेवटी ते वैतागून म्हणाले, ठीक आहे, होडी घेऊन या, मी जेटीवरून बघतो. बाहेरच्या तरंगत्या बोयाला वळसा घालून परत आणायची. दिवसाढवळ्या, आणि दाखलेवाला तांडेल होडीत हवा. नीट आणलीत तर मी माझ्या अधिकारात साठ दिवस धरतो. मे महिन्याची सुरुवात होती. बाबांच्या दाखल्याची मुदत अजून तीन-चार आठवडे होती. चुलतभावाला न्यायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. ज्याला होडी जायला नको म्हणून एवढा खटाटोप, त्यालाच कसं न्यायचं?

घरी आईने बाबांचं बौद्धिक घेतलं. "एक दिस जागे बसलात तर समुद्र आटंल काय?" असं ती म्हणाली. बाबा जेवत राहिले. नाही म्हणाले नाहीत, म्हणून मी हो धरलं.

त्या दिवशी बाबा होडीच्या मध्यावर ताठ बसले. मी मागे सुकाणूवर. आयुष्यात पहिल्यांदा बाबा डोळे उघडे ठेवून माझ्यासमोर होते आणि सुकाणू माझ्या हातात होतं. वारा चांगला होता. जेटीवर साहेब, त्यांच्या शेजारी कारकून, आणि मासळी उतरवायला आलेली निदान पन्नास माणसं. होडी जेटीपासून सुटली तसं कुणीतरी वरून ओरडलं, "काय तांडेल, झाली काय पेन्शन?" सगळे हसले. बायाही हसल्या. बाबांनी मान वर केली नाही. जेमतेम शंभर हात गेलो असू, तेवढ्यात ते उठले, पुढच्या टोकाला गेले, आडवे झाले आणि तोंडावर पंचा घेतला.

मी म्हणालो, बाबा, उठा. साहेब बघतायत. पुन्हा म्हणालो. ओरडलोही. पंचाखालून काही नाही. त्या दिवशी ते खाकरलेसुद्धा नाहीत. मी बोयाला वळसा घातला, वारा तोंडावर घेत तीन टप्प्यांत परत आलो आणि होडी जेटीला अशी लावली की पायरीला धक्का बसला नाही. इतक्या सफाईने होडी मी त्यानंतरही फार वेळा लावलेली नाही.

साहेब म्हणाले, होडी चांगली आणलीत, पण तुमचा दाखलेवाला तांडेल झोपलेला होता, म्हणजे नियमाने तो होडीत नव्हता. मी वाद घातला. नियमात तांडेल सोबत हवा एवढंच आहे, जागा हवा असं कुठे लिहिलंय, दाखवा. साहेब शांतपणे म्हणाले, तुम्ही ग्रॅज्युएट आहात ना, मग झोपलेल्या माणसाला मी जबाबदार माणूस म्हणून कसा लिहू ते तुम्हीच मला सांगा. मी जास्तच चिडलो. आठ दिवस मी बाबांशी बोललो नाही. त्यांना त्याचं काही वाटलं असेल तर ते दिसलं नाही. जेटीवरून ओरडणाऱ्या माणसाचा मात्र मी तेव्हा विचारही केला नाही. तो पुष्कळ उशिरा केला.

मे संपला, बाबांचा दाखला संपला, समुद्र बंद झाला. पावसाळाभर मी धुमसत होतो. नारळी पौर्णिमा झाली आणि चुलतभाऊ होडीसाठी दारात आला. मी त्याला अंगणातच गाठलं आणि म्हणालो, होडी तू ने, तांडेल तू, पण सुकाणू साठ दिवस माझ्या हातात, आणि शेवटी तू कचेरीत येऊन खरं सांगायचं. मग होडी माझी. त्याने डोकं खाजवलं. यात त्याचं नुकसानच होतं. पण तो म्हणाला, "चालंल. पण होडीत तू माला तांडेल म्हणायचं. चारचौघांत."

साठ दिवस मी माझ्याहून दोन वर्षांनी लहान असलेल्या, आठवीतून शाळा सोडलेल्या माणसाला तांडेल म्हणालो. तो फळीवर पाय वर घेऊन बसायचा, विडी ओढायचा आणि बोलायचा. बाबा तीन वर्षांत जेवढे बोलले नव्हते तेवढा तो एका खेपेत बोलायचा. "पदवीधर, वारा वाचून झाला असंल तर शीड आवळा." "पदवीधर, तुमच्या पुस्तकात हा खडक हाय काय?" दुसऱ्या होड्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. एक दिवस मला ताप आला म्हणून मी गेलो नाही, तर त्याने तो दिवस वजा केला. हिशेबाला पक्का निघाला.

दांड्यावर मात्र तो गप्प व्हायचा आणि ओठातल्या ओठात काहीतरी मोजायचा. एकदा मी विचारलं, काय मोजतोस? तो म्हणाला, लाटा. मोठी लाट गेली की मागच्या तीन जाऊ द्यायच्या, चौथीच्या पाठीवर होडी आत घालायची. मी चाट पडलो. बाबा पंचाखालून इतका वेळ गप्प राहून एकदम का खाकरायचे ते मला त्या क्षणी कळलं. ते लाटा मोजत होते. फुटताना होणाऱ्या आवाजावर.

"तुला कुणी शिकवलं हे?"

"कुणी म्हणजे? काकांनी. तू कॉलेजात होतास आणि मी तुमच्या होडीत खलाशी होतो तेव्हा. असे समोर बसायचे आणि चुकलो की शिव्या घालायचे."

"जागे बसायचे?"

"मग? पुतण्या सुकाणूवर बसला तर लोक काय बोलतायत?"

तो सहज बोलून गेला. मला तीन वर्षं खाकरण्यावर काढावी लागली, आणि याला समोर बसून, मोजून, शिव्या देऊन शिकवलं होतं. राग कुणावर काढायचा तेच समजेना.

साठ दिवस दिवाळीच्या आसपास भरले. चुलतभावाने कचेरीत येऊन सांगितलं, सही केली, वर "पोरगा बरा हाय, जरा तापट हाय" असंही सांगितलं. साहेब हसले. पंधरा दिवसांत दाखला आला. चांगला जाड कागद, माझा फोटो, गोल शिक्का. त्यावर एक रकाना होता : सुकाणूचा अनुभव कोणाच्या हाताखाली. त्यात चुलतभावाचं नाव, मागे 'तांडेल' लावून. बाबांचं नाव माझ्या नावाच्या मध्ये होतं तेवढंच.

बाबांनी वाचून दाखवायला सांगितलं. मी त्या रकान्यापर्यंत आलो आणि म्हणालो, हे दुरुस्त करून घेणार आहे मी, अर्ज लिहितो. "कशाला?" ते म्हणाले. "त्याच्या देखत धरलंस, त्याचंच नाव. बरोबर हाय." मी तरी अर्ज लिहिला. आयुष्यातला माझा सगळ्यांत चांगला अर्ज असेल तो. उत्तर आलं की एकदा झालेली नोंद बदलता येत नाही. चुलतभावाने होडी कुरकुर न करता सोडली.

मी पहिल्यांदा एकटा बाहेर पडलो तेव्हा थंडी सुरू झाली होती. सकाळचा मतलई वारा जमिनीवरून येत होता, होडी हलकी चालली होती. दांडा ओलांडून पुढे गेलो तर गस्तीची लाँच आडवी आली. आत एक नवीन अधिकारी, मला न ओळखणारा. दाखला मागितला, मी प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून दिला. त्याने सगळा वाचला. रकान्यातल्या नावावर बोट ठेवून विचारलं, यांच्याकडे शिकलात?

"नाही. वडिलांकडे."

"मग इथे हे नाव कसं?"

"ते चुलतभावाचं आहे."

"म्हणजे दाखल्यावरची माहिती खोटी आहे?"

लाँच आणि होडी एकमेकांना घासत होत्या. माझं शीड रिकामं फडफडत होतं. त्याच्या हातात माझा कागद होता आणि मी नुसतं हो म्हणालो असतो तर तो कागद खिशात घालून त्याने मला परत पाठवलं असतं, याबद्दल मला शंका नव्हती. परत गेलो असतो तर पुन्हा कचेरी, पुन्हा चौकशी, पुन्हा आणखी एक हंगाम.

"नाही साहेब," मी म्हणालो. "माहिती बरोबर आहे. चुलतभावाकडेच शिकलो."

"मग आधी वडील कुठून आले?"

"चुकून बोललो."

त्याने कागद परत दिला. लाँच निघून गेली. माझ्या जागी बाबा असते तर त्यांनी होडी वळवून सरळ घरी आणली असती. मी शीड आवळलं आणि बाहेर गेलो. बांगडे मिळाले, बऱ्यापैकी मिळाले.

परत आलो तेव्हा बाबा किनाऱ्यावर उभे होते. दोर हातात घेता घेता त्यांनी विचारलं, वाटंत कुणी अडवलं काय. मी नाही म्हणालो.